ठकूबाईचं अंगण

महाड,
९ मे १९८४

चि. ललितास सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत बरी असेल. नववा महिना लागलाय, गोळ्यांची हयगय करू नकोस. इथे उकाड्यानं जीव नकोसा झालाय. काल तुझी आई पत्र लिहून घ्यायला आली होती. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देते :

"लले, तू बाळंतपनाला हिकडं येऊ नको गो. कमिटीनं आपला नळ बंद केलाय, पाऊस पडंपर्यंत. कुनीतरी चुगली केली. बाळंतिनीला पानी लागतं, मी कुठून आनू? सासूला सांग, तिकडंच करा. माजी काळजी नको. बाई रोज दोन हंडे देतात. लई मोठ्या मनाच्या हायेत."

शेवटच्या वाक्याला माझा हात थांबला. "लिवलंत ना, बाई?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

आता माझं.

यंदा वस्तीची विहीर तळाला गेली, म्हणून पाणी कमिटीनं नियम केले. नळाचं पाणी अंगणात शिंपायचं नाही, झाडांना घालायचं नाही. घातलं तर पावसाळ्यापर्यंत नळ बंद. कमिटीवाले आठ दिवस म्हणत होते. पावसाळ्यापर्यंत मी करायला लावलं. म्हटलं, आठ दिवसांना कोण भितो? शाळेत तीस वर्षं हेच केलं मी.

नियम पाळून माझे गुलाब वाळले आणि समोर तुझ्या आईचं अंगण रोज ओलं. मला संताप आला. खरं सांगायचं तर हेवा वाटला. चार पावलं जाऊन तिला विचारता आलं असतं. त्याऐवजी मी वळणदार अक्षरात तक्रारअर्ज लिहिला आणि खाली टीप घातली : 'नाव गुप्त ठेवावे.'

कमिटीची नोटीस आली तेव्हा ती वाचून घ्यायला तुझी आई माझ्याकडेच आली. वाक्यं माझीच होती. मी मोठ्यानं वाचली.

ती म्हणाली, "पन बाई, ते नळाचं नव्हतं. भांड्यांचं पानी नि तांदळाचं धुवन साठवून ठेवते मी. पोर येनार, धूळ नको म्हनून अंगन चोपत होते."

तरी मी गप्प बसले. आणि वर दोन हंडे देऊन मोठ्या मनाची झाले.

लहानपणी मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या नन खोटं बोलणाऱ्या मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं करत. माझ्यावर ती वेळ कधी आली नाही, याचा मला फार तोरा होता. ज्या गावात आपल्या माणसांनी पाण्यासाठी मार खाल्ला, तिथे आपल्याच बाईचं पाणी मी तोडलं.

आज सकाळी कमिटीच्या कुशाबाकडे गेले. तो म्हणाला, "नियम तुमीच लिवलाव, बाई. रविवारच्या सभेत उभं राहून सांगा, तक्रार माजी होती नि ती खोटी होती. तवाच ठकूबाईचा नळ सुटंल."

सांगणार आहे. सगळी वस्ती असेल, माझे विद्यार्थी असतील. असू देत.

आईचा निरोप मी लिहिला खरा, पण तो ऐकू नकोस. तू बाळंतपणाला ये.

तिला मी आज संध्याकाळी सांगेन. पण आधी हे पत्र पेटीत टाकते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

दर पत्रात तुला आशीर्वाद लिहिते. आज लिहवत नाही.

तक्रारदार,
मंजुळा तांबे