लाल दिव्यानंतरचं वाक्य

स्टोनविल, ओहायो
रविवार, १० मार्च २०१९

प्रिय गार्लंड,

बरा असशील. गुडघा काय म्हणतो? इकडे बर्फ वितळतोय, गंजलेल्या सायलेन्सरवाल्यांची दुकानात रांग आहे.

बातमी कळलीच असेल. आपल्या तिन्ही काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, मला बस मंडळावर घेतलं, आणि शुक्रवारी अध्यक्षही केलं. "नळकांडी जोडणाऱ्याला मंडळाचं काय कळतं?" असं म्हणालास म्हणे. अरे, वीस वर्षं मी गाड्यांखाली उताणा पडून काढली. खालचा माणूस बहिरा असतो असं साहेबलोकांना वाटतं. मंडळावर कोणाला कोण नकोय, ते तिथेच कळलं, आणि त्यावरच मी मतं जमवली.

गुरुवारी तुझ्या बससेवेच्या संचालकपदाचा करार पुन्हा मताला येतोय. चार इकडे, चार तिकडे. नववं मत माझं.

लोर्नाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

दोन वर्षांपूर्वी चौदा नंबरची बस बंद करायच्या सभेत ती बोलायला उठली. बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं. घड्याळ तुझ्या हाताशी. लाल दिवा लागला आणि तू माइक बंद केलास. "तीन मिनिटं झाली, मॅडम." सख्ख्या बहिणीला मॅडम!

बस गेल्यावर मला म्हणायची, "डायलिसिसला शेजारीण नेते, तू दुकान बघ." मी बघितलं दुकान. एकदाही शेजारणीला विचारलं नाही. ती हायवेच्या कडेने दीड मैल चालत होती. जानेवारीत बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला गोठलेली सापडली.

माझा वाटा मी रोज भोगतो, गार्लंड. तुझा अजून बाकी आहे.

तो कागद तिच्या कोटाच्या खिशात होता. माइक बंद झाल्यामुळे राहिलेलं शेवटचं वाक्य असं: "माझा भाऊ मनाचा चांगला आहे, तो आमची बस बंद पडू देणार नाही."

गुरुवारी कोणीतरी विचारेलच, की प्रवाशांपैकी कधी कोणी तुझ्या बाजूने बोललंय का? सगळी इतिवृत्तं मी चाळली. कोणी नाही. आणि इतिवृत्तात नाही ते मंडळ धरत नाही. नियम तुझाच.

बोलायला तुलाही तीन मिनिटं मिळतील. घड्याळ आता माझ्या हाताशी आहे.

लोर्नाचा नवरा,
एमेट