थकलो नाही, पाय भरले

बाबा, हल्ली मी लोकांच्या पोटऱ्यांवरचे केस काढतो. तुम्हाला हसू येईल. तुम्ही गेलात तेव्हा मी दवाखान्यात वॉर्डातल्या खाटा ढकलत होतो. आता एका थंड खोलीत माझं काम असतं. खोलीत मोटरवर फिरणारा एक रुंद पट्टा आहे, माणूस त्यावर धावतो आणि जागच्या जागीच राहतो. त्याला ट्रेडमिल म्हणतात. आधी तो हृदयाच्या तपासणीपुरताच वापरत. मग एक डॉक्टरबाई आल्या. धावताना पायांचे स्नायू केव्हा आणि कसे थकतात, हे त्यांना मोजायचं होतं. त्यांच्या हाताखाली मला दिलं. पोटरीवर आणि मांडीवर वस्तऱ्याने थोडी जागा साफ करायची, स्पिरिटने पुसायची, छोट्या चकत्या चिकटवायच्या, वायरी पट्टीने पायाला बांधायच्या. स्नायू आवळला की त्यात अगदी बारीक वीज उमटते. ती वायरीतून येते आणि पडद्यावर तिची रेघ होते. एकेका दिवसात मी सात-आठ माणसांच्या पायांशी गुडघे टेकून बसतो. देवळात एवढं वाकणं होत नाही.

मला पहिल्या दिवशी वाटलं होतं, पाय थकेल तशी रेघ लहान होत जाईल, तेल संपत आलेल्या दिव्यासारखी. होतं उलटंच. रेघेचे झटके मोठे होतात आणि संथ होतात. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "थका हुआ मसल काम छोड़ता नहीं है, उतने ही काम के लिए और रेशों को बुला लेता है।" रेशे म्हणजे स्नायूतले बारीक धागे. वरून बघावं तर माणूस तसाच धावत असतो, पावलं तशीच पडत असतात. चाल बिघडायच्या कितीतरी आधी पडद्याला कळलेलं असतं. देवाने ही गोष्ट माणसाच्या आत इतकी झाकून का ठेवली असेल, असा विचार कधी कधी सकाळी पूजेला बसल्यावर येतो. मी गंध उगाळत राहतो.

आधी फुटबॉल खेळणारी तरुण पोरं येत, मग आग विझवणाऱ्या दलातली माणसं येऊ लागली. धावणं चालू असताना दर दोन मिनिटांनी बाई विचारत, "कितना थके?" शून्य ते दहा असा आकडा सांगायचा. पोरं सांगत, पाच, सात, आता बस. दलातली मोठी माणसं मात्र शून्याच्या पुढे सरकत नसत. पडद्यावर रेघ डोंगराएवढी झालेली, बनियन पाठीला चिकटलेलं, आणि तोंडाने शून्य. बाई वैतागल्या. म्हणाल्या, हे लोक खोटं बोलतात, यांचे कागद बाजूला काढावे लागतील.

त्या आठवड्यात भंडाऱ्याकडचा एक दलवाला आला, पन्नाशीला टेकलेला, मिशा पिकलेल्या. चकत्या लावताना त्याचा पाय माझ्या खांद्याला लागला. लगेच तो माझ्या पाया पडायला वाकला आणि दोन वायरी उपटून आल्या. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "फिर से लगाओ!" मी पुन्हा लावत होतो तर तो हळूच विचारतो, "भाऊ, याच्यात पास-फेल असते का जी?" मी म्हटलं, नाही. "मंग ठीक हाय. नाही तं बायको म्हनन, पट्ट्यावरून पडून आला." तो धावू लागला. सहाव्या मिनिटाला रेघ उंच झाली. बाईंनी विचारलं, त्याने सांगितलं, शून्य. आता बाई चिडणार असं दिसलं, म्हणून मीच आपल्या बोलीत विचारलं, "खरं सांगा, थकले का?"

तो धापा टाकत म्हणाला, "थकीन कावून भाऊ? अजून नातू नाही झाला मले!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आपल्याकडे थकला म्हणजे म्हातारा झाला, कामातून गेला. म्हातारी थकली आता, असं आपण म्हणतो, ते दमली या अर्थाने नव्हे. मी दुसरा प्रश्न केला, "पाय भरले का?"

"भरले तं! दगडं बांधल्यावानी झाले. पन हे बाईनं कुठं विचारलं?"

तो शब्द मी तुमच्याकडून ऐकला होता. उतई गावातल्या आपल्या घरी तुम्ही सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसताय, आई मिठाचं गरम पाणी आणते आहे, आणि तुम्ही पाण्यात पाय सोडून तिला म्हणता, "भरून आले वं आज." एवढंच. कारखान्यातल्या कोळशाच्या भट्टीच्या माथ्यावर दिवसभर तिची झाकणं उघडायची आणि लावायची, खालून आच लागते म्हणून पायात लाकडी तळव्याच्या चपला, आणि मग उतईपर्यंत सायकल. मी मूळ गावच्या शाळेत शिकलो आणि मोठेपणी तुमच्याकडे आलो, म्हणून तुमचं काम मी एकदाच बघितलं. तुम्ही त्या माथ्यावर ठक् ठक् चालत येत होता. मला कौतुक वाटलं, आणि थोडी भीतीही.

मग सत्यनारायणाचा तो दिवस. तुमचे फोरमन साहेब स्कूटरवर प्रसादाला आले होते, नागपूरकडचे, पानाने ओठ लाल. तुम्ही आत आरतीचं ताट आवरत होता. त्यांनी मला ओट्यावर बाजूला घेतलं. "काय रे, तुझे बाबा थकले का? मले कधी कधी असं दिसून राहिलं. खाली स्टोअरात एक जागा रिकामी होऊन राहिली, बसून काम हाय. ते सोताहून सांगनार नाहीत. तू घरचा हाय, तू सांग."

मी म्हणालो, "नाही जी. थकतीन कावून? रोज सायकलनं येनं-जानं करतात."

प्रसादाचा द्रोण घेऊन तुम्ही दारात उभे होता. तुम्ही ऐकलं होतं. माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांच्या हातात द्रोण दिला आणि म्हणालात, "पोरगं बरोबर सांगते जी. अजून थकलो नाही." साहेब हसले, म्हणाले, "मंग माह्यापेक्षा तुम्हीच जवान हाय," आणि गेले. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. तुम्ही आणखी तीन वर्षं माथ्यावर चाललात. मग कावीळ झाली आणि गेलात. पायांचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. मीठ-पाणी चालू होतंच, पण पाय भरले हे तुम्ही त्या दिवसानंतर कधी बोलला नाहीत. त्यावरून तुम्ही मला कधी रागावलाही नाहीत.

बाईंना मी शब्दाचा हा घोटाळा समजावून सांगितला. त्यांनी प्रश्नच बदलला. आता त्या विचारतात, "पैर कितने भरे?" हिंदीवाले जरा गोंधळतात, मग त्यांनाही कळतं. आपली माणसं मात्र चटकन सहा म्हणतात, आठ म्हणतात, आणि तो आकडा रेघेशी जुळतो. बाजूला काढलेली माणसं बाईंनी पुन्हा बोलावली. मला म्हणाल्या, "यह आपको कैसे सूझा?" मी म्हणालो, वडिलांचा शब्द आहे. "तब तो उनका नाम भी लिखना चाहिए," असं त्या गमतीने म्हणाल्या. मी वायरी गुंडाळत राहिलो. त्या दिवशी घरी येऊन मी पूजेला बसलो आणि मधेच उठलो.

हे लिहून कुठे ठेवायचं, ठरत नाही. पोथीत ठेवणार होतो, पण पोथी कधीमधी मुलगी उघडते. तिला मराठी अडखळत वाचता येतं, तरी एवढं येईल. बहुतेक फाडून टाकीन. त्याआधी राहिलेलं लिहितो. बाईंना मी सांगितलं, आमच्याकडे थकणं म्हणजे म्हातारं होणं, म्हणून माणसं नाही म्हणतात. दलवाल्याच्या बाबतीत ते खरंच आहे. तुमच्या बाबतीत नाही. स्टोअरची खिडकी कॅन्टीनच्या समोर होती, आणि कारखान्यात लागलेले माझे सोबती तिथे चहा प्यायला येत. खिडकीत बसून तुम्ही हातमोजे मोजून देताय, हे त्यांनी बघावं असं मला वाटत नव्हतं. साहेब तुमच्या पायांबद्दल विचारत होते, हे मला ओट्यावर उभं असतानाच कळलं होतं.