त्रेचाळीस फटी आणि वीस अंश

९ ऑक्टोबर.
बायकोनं, माइमूनं, आज चहा पिताना, आवाज न चढवता, सांगून टाकलं. मार्दीच्या सणापर्यंत, म्हणजे दहा नोव्हेंबरपर्यंत, घरात वीस अंश दिसले नाहीत तर ती हिवाळाभर टालिनला हेल्वेकडे राहायला जाणार. हेल्वे तिची धाकटी बहीण. तिच्या फ्लॅटमध्ये जानेवारीतही बाई बिनबाह्यांच्या झग्यात वावरते. आमच्याकडे आज चौदा. घर लाकडी, माझ्या आजोबांनी बांधलेलं.
मी डेअरीत एकतीस वर्षं तापमानाच्या नोंदी ठेवल्या. मला कुणी अंश शिकवू नयेत.
संकल्प : एकही फट शिल्लक राहणार नाही.

१२ ऑक्टोबर, सकाळी ७.
पेटती मेणबत्ती घेऊन घरभर फिरलो. ज्योत हलेल तिथे खडूनं फुली. एकूण त्रेचाळीस. बैठकीच्या खोलीतला पडदा थोडा जळला. पण पडद्यामागेही फट निघाली, म्हणजे शोध वाया गेला नाही.

१९ ऑक्टोबर.
पिठाची खळ शिजवली. खिडक्यांच्या दोन काचांमध्ये कापूस, चौकटींवर कागदाच्या पट्ट्या. खळीला वापरलेलं पीठ रविवारच्या पावाचं होतं म्हणे. तसं डब्यावर लिहिलेलं नव्हतं.
शेजारचा काल्यू कुंपणावरून डोकावला. म्हणाला, स्वयंपाकघराच्या खिडकीतली छोटी झडप मोकळी ठेव, घरालाही श्वास लागतो, तुझे वडीलसुद्धा ठेवायचे. माझे वडील जन्मभर कानटोपी घालून झोपले. त्यांचं उदाहरण मला देऊ नये. झडपेवर पट्ट्यांचे दोन थर दिले.
काल्यूला कॉफी विचारायची राहिली. हात खळीचे होते.

२६ ऑक्टोबर.
पंधरा! माइमू म्हणाली, आज ऊन आहे. ऊन अजिबात नव्हतं. होतं, पण नाव घेण्याइतकं नव्हतं.

१ नोव्हेंबर.
घर तापवायची भट्टी धुरावली. लाकूड ओलं असणार, ते काल्यूकडूनच आलंय. धूर घालवायला दोन खिडक्यांच्या पट्ट्या फाडाव्या लागल्या. पुन्हा खळ, पुन्हा पट्ट्या. संध्याकाळी तेरा. आजचा दिवस मोजणीत धरणार नाही.

५ नोव्हेंबर.
खरा चोर सापडला : पुढचं दार. जाड लोकरी नमद्याचे तीन थर ठोकले, वरून चारी बाजूंनी पट्ट्या. आता मार्चपर्यंत ये-जा मागच्या सरपणाच्या खोपटातून. माइमूनं विचारलं, मग मार्दीच्या संध्याकाळी वेश बदलून दारोदार गाणारी सोंगं आली की काय करायचं? मी म्हटलं, वीस अंश नाहीतर पाहुणे, एक काय ते निवड.
ती सफरचंदं सोलत राहिली. काय निवडलं ते कळवलं नाही.

९ नोव्हेंबर.
सोळा. पलंगावर सुटकेस उघडी आहे. सहज आत पाहिलं. सर्वात वर बिनबाह्यांचा झगा.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांत मी कधी एकटा जेवलो नाही.
संकल्प : उद्या भट्टीत दुप्पट लाकडं.

१० नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०.
दुप्पट लाकडं घातली. विजय जवळ आहे.

५.५०. धूर.

रात्री ९.
क्रमानं लिहितो. सहा वाजता पुढच्या दारावर थाप पडली. मार्टची सोंगं; मार्दीचा सण या मार्टच्याच नावाचा. बाहेर गाणं सुरू, दार उघडा, मार्टची बोटं गोठली. मी आतून ओरडलो, खोपटाकडून या. बाहेर उलट्या कातडी कोटात आणि काजळाच्या दाढीत कुणीही असो, आवाज काल्यूचा होता : "इल्मार, मार्ट मागच्या दारानं येत नसतो. मागून येतो तो चोर."
आत आम्ही दोघं खोकत होतो. माइमूनं पावाची सुरी उचलली.
"बाजूला हो."
मी विचारलं, वीस अंशांचं काय?
"हेल्वेकडे रोज संध्याकाळी कुणी ना कुणी दार वाजवतं, इल्मार. मला ते ऐकायचं होतं. थंडीचं काय, मी मोजे घालते."
आणि तिनं पट्टी वरपासून खालपर्यंत चिरली. दार उघडताच भट्टी धडधडून पेटली आणि धूर निमूट धुराड्यात गेला. योगायोग. अकरा माणसं आत शिरली, बरकतीसाठी जमिनीवर धान्य उधळलं, नाचली, सगळे बन संपवून दीड तासानं गेली. तेवढा वेळ दार सताड उघडं.
सात वीसला सवयीनं तापमापक पाहिला. एकवीस. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. एकवीस.

११ नोव्हेंबर.
सकाळी चौदा. पायाखाली दाणे कुरकुरतात. सुटकेस माळ्यावर गेलीय. मी ठेवलेली नाही.
माइमूला समजावून सांगितलं की पट्ट्यांचा परिणाम काल उशिरा दिसला, इतकंच. तिनं ओलं फडकं हातात दिलं आणि झडपेकडे बोट दाखवलं. झडप मोकळी केली. सध्यापुरती.
पंचवीसला काद्रीचा सण, तेव्हाही सोंगं येतील. अकरा माणसांनी साधारण पाच अंश वाढतात. ही मंडळी किमान तीन तास बसली पाहिजेत. दुपारी काल्यूकडे गेलो, पुढच्या दारानं, यंदा कितीजण येणार ते विचारायला. केवळ नोंदीसाठी.
त्यानं कॉफी विचारली.