पान पाचवरचा उलटा क्रम

३ जुलै १९४८, जालना
निबंध संपला. दोन वर्षं गेली. प × प = प, म्हणजे एकदा केली काय, पुन्हा केली काय, फळ तेच, अशी एकच क्रिया. तिच्यातून बेरीज-गुणाकारानं काय काय उभं राहतं? प एकटा असला तर दोन पदांत मिटतं. त्याचा जोडीदार प*, तोही तसलाच पण वेगळा, आत घेतला की प प* प प*... शेपूट संपतच न्हाई. ते आवरलं, असं वाटतंय.
कमळ साफ नक्कल करून राह्यली. विचारते, "अहो, पान पाचवर आधी प होता, खालच्या ओळीत प* आधी आला. असं उलटं चालतं का?" म्हटलं, चालतं. लिही.

५ जुलै
हैदराबादला माझ्या कॉलेजच्या सरांकडे टपालानं धाडला. पंधरवड्यानं ते गणितवाल्यांच्या बैठकीत वाचणार. पसंत पडला तर कॉलेजात जागा, न्हाईतर जन्मभर हीच शाळा.

११ जुलै
चालत न्हाई. पोरं कवायतीला गेल्ती, फळ्यावर सहज करून पाहिलं. प आधी, प* नंतर, हे एक. उलट केलं की दुसरंच.
कमळला सांगितलं. ती भाकरी थापत राह्यली. बोलली असती तर बरं.

१२ जुलै
तार करायला गेल्तो. "पाच चूक. प उलटवू नका. वाचन थांबवा." तारबाबू वाचतो, माझ्याकडे बघतो. "मास्तर, हा प कोण?" घेतली न्हाई.

१३ जुलै
पोलिसांचे अमीनसाहेब आले, दोन शिपाई. वही, कागद, सगळं नेलं. मलाही. ही रोजनिशी पिठाच्या डब्यात होती, म्हणून वाचली. कमळचा भाऊ नरहरी दोन महिने फरार, सरकारविरुद्धच्या लोकांत. त्यांना ठाऊक.
"ये प कौन है? और ये सितारेवाला?"
चौकीच्या अंगणात काठी रोवली. सांगितलं, तिरप्या उन्हानं सावली पडली. जमिनीवरच्या सावलीची पुन्हा सावली काढा, तीच राहते, सरकत न्हाई. हा प. सितारेवाल्याचं मात्र काठीवर काही दाखवता येईना.
अमीननं काठी बघितली. मंग: "और नरहरी कहाँ है?"
माहीत न्हाई. खरंच न्हाई.
दिवस मावळायला सोडलं. वही तिथंच.

१७ जुलै
आठवून पुन्हा मांडतोय. कमळनं नक्कल केल्ती, तिला पानंच्या पानं याद आहेत.
प − प* याचा वर्ग! तो प च्या आधी ठेवा की नंतर, सारखंच. प* शीही तसंच. त्यालाच धरून शेपूट आवरतं. तिनं स्वतः गुणून पाहिलं. "बराबर आहे."

२४ जुलै
सरांचं पत्र, फोडून पुन्हा चिकटवलेलं. बैठकीत वाचला. एकानं चुकीवर बोट ठेवलं. सर म्हणाले, लेखक येऊन उत्तर देईल. "एक तारखेच्या आत ये."
कागद सोबत नको, स्टेशनावर झडती. तोंडपाठ करतोय. चुकलो की कमळ अडवते, मी मागं जातो.

३० जुलै
तिकीट परभणीपर्यंतच दिलं, पुढचं तिथं बघा म्हणे. काल शिपाई येऊन गेला, "मास्तर, गाव सोडायचं न्हाई. हुकूम आहे."
कमळ दशम्या बांधून राह्यली. म्हटलं, काय करू? मान वर न करता म्हणाली, "तुम्ही गेलात तर ते इथं येतील. न्हाई गेलात तरी येतील. मंग जा."
"आणि तू?"
गाठ मारत राह्यली.
रोजनिशी तिच्याजवळ देतो. बदनापूरच्या बाजूनं गाडीची शिट्टी झाली.