गुडघ्यावरची खपली

शनिवार, संध्याकाळ

मले मागच्या रांगेत टाकलं! काऊन, तं माह्या गुडघ्यावर खपली आहे.

गॅदरिंगमधी आमचा कोळी डान्स आहे. साडी गुडघ्याच्या वर खोचा लागते. आज प्रॅक्टिसले डान्सच्या मॅडमनं माहे पाय पाह्यले अन् म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर असे गुडघे? एकतर कबड्डी सोड, नाहीतर मागे उभी राहा." अकोल्यात समुद्र नाही, पण मॅडमले कोळीण एकदम खरी पाह्यजे. मंग खऱ्या कोळणीचे गुडघे का लोण्याचे असतात?

तिथून ग्राउंडवर गेली तं कबड्डीचे सर म्हणे, "नाचता नाचता पाय मुरगळला तं? नाच सोड."

दोघायलेही माहे पाय पाह्यजे. मले कोणी विचारूनच नाही राह्यलं.

अन् ही खपली का उगाच आली? परवाच्या मॅचमधी शेवटच्या चढाईले चौघीनं माहे पाय धरले होते. तरी मी मातीत घसटत गेली अन् मधल्या रेषेले हात लावला. तेव्हा ह्याच मॅडम टाळ्या वाजवून राह्यल्या होत्या.

मी जास्तच भांडखोर आहे का? असन.

घरी आई खपलीले हळद लावता लावता म्हणे, "पडली तं पडली. चोरी तं नाही केली ना? मंग झाकतं काऊन?"

नाही झाकत. कबड्डीही नाही सोडत, नाचही नाही सोडत. गॅदरिंगले मी पुढच्याच रांगेत उभी राहीन. माहे गुडघे दिसू नये वाटत असन, तं मॅडमनं पडदा पाडावा.