पिवळ्या गाडीचा एक्सल

प्रिय तेंग,

गाडीच्या मागच्या चाकांचा एक्सल पाठवलाय. तलात थाईच्या बाजारात भाजी उतरवून आपल्या रोइ एतला रिकामा परत जाणारा एक ट्रक आहे, त्याच्या हौद्यात दोरखंडानं आवळून दिलाय. ड्रायव्हर आपल्याच बाजूचा, बोलायला लागला की थांबत नाही, पण माणूस खरा. फाट्यावरच्या पेट्रोल पंपावर उतरवून ठेवेल. आणायला दोघं-तिघं जा, एकट्या सोमनुकच्या, आपल्या जावईबापूंच्या, कमरेचं ते काम नाही. हे पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक्सललाच चिकटवलंय. फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस, मग आई मध्येच बोलते, सोमनुक मागून खोकतो आणि माझं सांगायचं राहून जातं. शिवाय आईनं बजावलंय, "कुठल्या गाडीचा आहे ते नीट लिहून धाड. मेलेल्या माणसाच्या गाडीचा असला तर माझ्या दारात आणू नका. मे यानांगपुढं वाचून दाखवायचंय मला." बरोबर आहे तिचं. गाडीत बसणारी देवी ती, तिच्या गाडीत कुठलं हाड बसवलं ते तिला कळलं पाहिजे. ते शेवटी लिहितो. आधी कामाचं.

तुझं चाक कसं निघालं ते मी चार जणांच्या तोंडून ऐकलं, आणि दर वेळी ते चाक आणखी लांब गेलं. कुणी म्हणतं देवळाच्या तळ्यापाशी थांबलं, कुणी म्हणतं शेतातून पळत म्हशीच्या अंगावर गेलं. तू सांगितलंस ते खरं धरतो. तू भाजीची गाडी घेऊन सावकाश जात होतीस, भोंग्यावर "ताजा कोबी, ताजा मासा" चालू होतं, आणि तुझंच मागचं चाक ड्रमसकट तुला ओलांडून पुढं निघून गेलं. हसू आलं मला, खोटं कशाला सांगू. मग तू म्हणालीस की गाडीभोवती टांगलेल्या सगळ्या पिशव्या तुटल्या, टोफू मातीत गेला आणि तू रस्त्यात बसून राहिलीस, तेव्हा नाही आलं. बाया धावल्या, कोबी गोळा करून दिले म्हणालीस. आणि कोबी गोळा करता करता सगळ्यांनी गाडीचा नंबर पाठ केला, हेही सांगितलंस. आपलं गाव ते आपलं गाव. कुणाचं चाक निखळलं तरी आधी नंबर बघायचा आणि लॉटरीला लावायचा. पण बाकीच्यांनी चणेफुटाण्याचे पैसे लावले. आपल्या जावईबापूंनी एक्सलसाठी बाजूला ठेवलेले सगळे लावले. "एकच आकडा चुकला हो दादा, एकच!" असं मला फोनवर सांगत होता, जसा काही सरकारनं त्याला दगा दिला. अरे, सगळ्यांचा एकच आकडा चुकतो.

आता रागावू नकोस, पण ते चाक अचानक नाही निघालं. महिनाभर बेअरिंग ओरडत असणार. सोमनुकनं काय केलं असेल ते मी इथे बसून सांगतो, गाण्याचा आवाज वाढवला असेल. आणि मागे स्प्रिंगचे जास्तीचे दोन पाटे घालून घेतले, बर्फाची पेटी, तांदळाची पोती, वर गॅसच्या टाक्या. पाटे वाढवले की गाडी वाकत नाही, म्हणून वाटतं तिला झेपतंय. ती वाकत नव्हती, तेंग, मोडत होती. बाबा असते तर आवाज पहिल्या दिवशीच ऐकला असता. आठवतं, आपल्या दोघांना गाडीखाली झोपवायचे, तू बॅटरी धरायचीस आणि झोप लागली की उजेड माझ्या तोंडावर यायचा? "कान लाव, लेकरांनो, गाडी आधी सांगते आणि मग मोडते." तेव्हा मला वाटायचं, हे ते मला सांगतायत. कारण ते गावभर म्हणायचे, ही जुकची गाडी. पाय पुरत नव्हते तेव्हापासून मी ती चालवली. जाऊ दे.

तुमच्या मिस्त्रीनं नवा शाफ्ट, नवं बेअरिंग आणि एक्सलच्या घासलेल्या कवचाला, हाउसिंगला, वेल्डिंग सांगितलं, ते ऐकू नकोस. तुटलेल्या शाफ्टनं हाउसिंगचं तोंड खाल्लंय, त्यात नवं बेअरिंग बसवलं तर तेही खाईल. शिवाय एवढ्या पैशात अर्धी गाडी येते. जुन्या गाडीला जुन्याच गाडीचा अख्खा एक्सल, या चाकापासून त्या चाकापर्यंत, हेच स्वस्त आणि हेच टिकतं. फक्त जोडीचा पाहिजे. आपल्या गाडीच्या जोडीचे आता भंगारातही राहिले नाहीत. आमचा शेठ, हिया चुंग, जुन्या पिकअप आल्या की कंटेनरमध्ये भरून परदेशी पाठवतो, त्यामुळे भंगाराच्या यार्डात जे दिसतं ते दुसऱ्या दिवशी दिसेलच असं नाही. मी सगळं पालथं घातलं. एक सापडला तो चारी चाकं ओढणाऱ्या गाडीचा, रुंद, पाट्याच्या बैठका तिसरीकडेच. एकाचं हाउसिंग केळ्यासारखं वाकलेलं. आणि एक अगदी जोडीचा, दात जुळले, पाट्याच्या बैठका जुळल्या, पण त्या गाडीच्या आरशाला अजून फुलांचा हार लटकत होता आणि पुढचा भाग नव्हताच. ती सराबुरीच्या रस्त्यावरून आलेली. आत कोण होतं ते मी विचारलं नाही. हिया म्हणाला, "घे की, लोखंडाला काय कळतं?" मला आई दिसली, उदबत्ती घेऊन दारात उभी. नाही घेतला.

जो पाठवलाय त्याची खात्री मी स्वतः केलीय, बाबांच्या पद्धतीनं. खडूची खूण करून चाकं फिरवली, शाफ्टचे फेरे मोजले, आपल्या गाडीइतकेच भरतात. आता बसवायचं ऐक, आणि हे सोमनुकला वाचून दाखवू नकोस, तू स्वतः उभी राहा. जॅक एक्सलखाली नाही, चासीखाली, आणि नुसत्या जॅकवर विसंबून कुणी खाली शिरायचं नाही, लाकडी ठोकळे लावा. पुढचा लांब शाफ्ट सोडण्याआधी रंगाची रेघ मार, म्हणजे परत तसाच जोडता येईल. एक्सल पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट नवे दिलेत, सोबतच्या पोत्यात आहेत. जुने दिसायला चांगले असले तरी फेकून दे, एकदा ताणले की ते पुन्हा धरत नाहीत. जास्तीचे दोन पाटे काढायचे, मग तो कितीही भांडू दे. पाट्याची मधली खुंटी बैठकीच्या भोकात बसली का ते बोटानं चाचपून बघ, डोळ्यांवर जाऊ नकोस. यू-बोल्ट आळीपाळीनं आवळायचे, आणि पहिली फेरी मारून आलात की परत आवळायचे. ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी दाराबाहेर न्यायची नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तेंग. एक्सलमधलं तेल मी काढून टाकलंय, नाहीतर ट्रकवाला घेईना. तेल न भरता सोमनुकनं उत्साहात गाडी काढली, तर फाट्यापर्यंत जाईल आणि तिथेच कायमची बसेल. तेल आधी. हार, उदबत्ती, भिक्खूंचं पाणी सगळं नंतर.

लवकर करा एवढंच. नोंग सेंग गावचा काए आता त्याची भाजीची गाडी घेऊन आपल्या गल्लीतून भोंगा वाजवत जातो म्हणालीस. गाडी पंधरवडा उभी राहिली की बाया दुसऱ्याच्या भोंग्याला दार उघडायला शिकतात, आणि एकदा शिकल्या की विसरत नाहीत. मावशी ओन तुला म्हणाली ना, "काएचा मासा जरा मोठा असतो ग"? तो मासा नाही, ती सवय लागतेय. सकाळी उठून आई अजून पिशव्या भरते आणि मग आठवलं की परत सोडते, हे तू सांगितलंस तेव्हा मी फोन ठेवला. लाइन गेली नव्हती.

इथे माझं बरं आहे. दिवसभर गाड्या फाडतो, संध्याकाळी हात धुतो, निघत नाहीत. बोटीवर होतो, वीटभट्टीवर होतो, आता इथे. आई म्हणते तुझ्या पायाला भिंगरी आहे. मी कधी बोललो नाही, पण भिंगरी काही पोटातून घेऊन आलो नव्हतो. आपल्याकडं घर लेकीचं, आईबाबांना बघणाऱ्या लेकीचं, मला मान्य आहे. लेकाने बायकोच्या घरी जायचं, तेही मान्य. पण बाबा गेल्यावर घरामागून गाडीही तुमच्याकडं गेली. मुलीच्या बापाला द्यायचं देज म्हणून तीच गाडी देऊन मी सोपाला मागणी घालणार होतो, बाबांनी तिच्या बापाला तसा शब्द दिला होता, हे तुम्ही सगळे एका दुपारीत विसरलात. बाबांचं दिवसकार्य सोमनुकनं त्याच गाडीतून सामान आणून केलं. सोपाच्या बापानं मला विचारलंसुद्धा नाही. त्यानं फक्त गाडीत कोण बसलंय ते पाहिलं.

आणि गेल्या नव्या वर्षाला, सोंगक्रानला, मी काय मोठं मागितलं होतं? आईच्या हातावर अत्तराचं पाणी घातलं, चटईवर बसलो आणि सांगितलं, मी यार्डात गाडी उभी करतोय. जळक्या गाडीची केबिन, जपानहून अर्धी कापून आलेल्या गाडीचं इंजिन, पुरात बुडालेल्या गाडीचा हौदा, मिळेल तसं जोडतोय. हियाकडं जादा कामाचे पैसे मागत नाही, पार्ट मागतो. येत्या सोंगक्रानला तीच चालवत येईन आणि कालव्यापलीकडच्या गावांत भाजी विकीन, जिथं तुमची गाडी जातच नाही. केबिन लाल आहे आणि माझ्यासारख्या सोमवारी जन्मलेल्याला लाल वाईट, म्हणून इंजिनाच्या आधी मी रंगाचा दोष काढणारा, काचेवर चिकटवायचा कागद विकत घेतला होता, हेही सांगितलं, तेव्हा आई हसली. तेवढंच. मग सोमनुक म्हणाला, "दादा, एका घराचे दोन भोंगे? लोक म्हणतील घर फुटलं." आई म्हणाली, "बाळा, तू लग्न कर, बायकोच्या गावात जा, तिथं घाल गाडी." बायकोचं गाव काय भंगारात मिळतं? आणि तू, तेंग, तू कोशिंबिरीसाठी कच्ची पपई कुटत होतीस. तू वर बघितलंही नाहीस. मिरची टाकलीस, कुटत राहिलीस. एवढी कुटलीस की खाताना कुणालाच पपई सापडली नाही. दुसऱ्या दिवशी बसपाशी मला चिकट भात आणि सुकं मांस बांधून दिलंस आणि म्हणालीस, "तू तिकडंच बरा आहेस, दादा." त्यांच्या बोलण्याचं मला काही नाही. बॅटरी धरून झोपणारी तू होतीस.

आता आईला काय सांगायचं ते. तुझा फोन आला त्या दिवशी माझ्या गाडीला फक्त दिवे आणि सीट राहिली होती. आईला चालेल असा जोडीचा एक्सल या अख्ख्या यार्डात एकाच गाडीखाली होता, ताडपत्रीनं झाकलेल्या माझ्याच, हे मला शोधायला निघण्याआधीच माहीत होतं. तरी सगळं पालथं घातलं. आणि हेही कळत होतं की मी नुसता गप्प राहिलो, तुझ्यासारखा, तर सोंगक्रानपर्यंत तुमची गाडी भंगारात जाईल, काए एकटा किती गावं करणार, आणि मी भोंगा वाजवत आलो की आईच दार उघडेल. मी ते दार डोळ्यांसमोर बघितलं. मग पाना घेतला. हिया म्हणाला, "येडा की काय तू? उभी करायला एवढे दिवस, आणि झोपवतोस एका दुपारी?" बाकीची त्यालाच देऊन टाकली, पुढच्या कंटेनरमध्ये जाईल. पैसे पाठवू नकोस, आणि सोंगक्रानला माझी चटई घालू नकोस. मे यानांगपुढं आईला वाचू दे, घाबरण्यासारखं काही नाही. या गाडीत कुणी मेलं नाही, कुणी बसलंच नाही. ती कधी रस्त्यावर आली नाही. कुणाची म्हणून विचारलं तर नाव घेऊ नका, रंग सांगा. पिवळ्या गाडीचा एक्सल आहे म्हणावं. गाडी लाल होती खरी, पण काचेवर मी स्वतःच्या हातानं चिकटवलं होतं, "ही गाडी पिवळी आहे." देवीला तेवढं चालतं. तेल भरायला विसरू नकोस.

तुझाच,
जुकदादा