टँकरचा मेंदू

२ मे, सकाळ
आजपासून रोजनिशी. फौजेत व्हेईकल मेकॅनिक होतो तेव्हा रोज लॉगबुक लिहायचो. रिटायर झालो आणि शिस्त ढिली पडली.
माझ्या पाण्याच्या टँकरच्या मागच्या शिडीची पायरी तुटलेली. आटपाडीतला वेल्डर म्हणाला, उद्या. माझ्याकडे मशीन आहे, हात आहे, मग उद्या कशाला? स्वतःच वेल्डिंग मारलं. बॅटरीची वायर काढत बसलो नाही, एवढ्याशा कामाला काय. टाका पक्का बसला. बायकोला, राजेश्वरीला, दाखवला. "बरं हाय," म्हणाली. ती तारीफ अशीच करते.

२ मे, संध्याकाळ
बिराप्पा मेंढपाळाच्या वस्तीकडे जाताना चढावर इंजिन बंद. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. थोडं थांबल्यावर चालू झालं, कसाबसा पोचलो. माळावरची वस्ती. त्यांच्या विहिरीत उन्हाळ्यात खारट गाळ तेवढा उरतो. पिण्याचं पाणी म्हणजे माझा टँकर. माणसांचं तेच, मेंढरांचं तेच.
निदान : डिझेल फिल्टर. चहा निवायच्या आत होईल.

३ मे
फिल्टर बदलला. गल्लीच्या टोकाला बंद. डिझेलची टाकी उतरवून धुतली. परत बंद. हल्ली डिझेलच भेसळीचं येतं.
बिराप्पाचा फोन. "लालासाहेब, टाकीचा तळ दिसाय लागला, गड्या." त्याला सांगितलं, उद्या दोन खेपा टाकतो. फौजी माणसाचा शब्द.

५ मे
खेपा झाल्या नाहीत.
पण मोबाईलला जोडायचा स्कॅनर आला. जोडला, तर स्क्रीनभर एरर. क्रँक सेन्सर, प्रेशर सेन्सर, टेंपरेचर सेन्सर, अ‍ॅक्सिलरेटरचा सेन्सर. म्हणजे सगळे सेन्सर एकदम गेलेत. अवघड वाटत होतं, सोपं निघालं.

८ मे, सांगली
सेन्सर घ्यायला आलो. माधवनगरला महेंद्र म्हणून ऑटो-इलेक्ट्रिशियन आहे. एसीच्या केबिनमध्ये बसतो, गॉगल डोक्यावर. एरर बघून म्हणाला, "काका, सगळे सेन्सर एका टायमाला मरत न्हाईत. त्यांना करंट देनारा डबा मेलाय. ईसीएम. इंजिनाचा मेंदू हाय त्यो." बोलण्यात आदर नाही. मी सगळे सेन्सर घेतले आणि एसटीत बसलो.

९ मे
सगळे सेन्सर बदलले. सगळे एरर जागच्या जागी.
बायका खारट विहिरीवर जायला लागल्यात, असं ऐकलं. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

१० मे
आंघोळ करताना एकदम डोक्यात आलं. सगळे सेन्सर एका वेळी मरूच शकत नाहीत! ईसीएम गेलाय. अनुभव तो हाच. ओल्या अंगानंच राजेश्वरीला सांगितलं. म्हणाली, "आवं, ते तर त्या महेंद्रनं सांगितलं हुतं की."
तिला फोनवर सगळं सांगत जायचं नाही.

११ मे
ईसीएम उतरवला. स्क्रू-ड्रायव्हर घालून उघडला. आत सर्किट. दमट वाटला. मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात, तेच तत्त्व. आधी उन्हात, मग तांदळाच्या डब्यात. राजेश्वरीनं तांदूळ कोंबड्यांना टाकले.
दुपारी वस्तीवरच्या बनुबाई आल्या. एवढं वय, चालत आल्या. रिकामी घागर शेजारी ठेवून ओट्यावर बसल्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. मी महत्त्वाच्या कामासाठी गोठ्यात गेलो आणि त्या उठेपर्यंत तिथंच थांबलो.

१३ मे
सांगलीच्या जुन्या बाजारात डिट्टो ईसीएम मिळाला. अ‍ॅक्सिडेंट झालेल्या ट्रकचा. रंग तोच, प्लग तोच. घरी आणून बसवला. चावी फिरवली. आधी निदान स्टार्टर तरी फिरायचा. आता तोही नाही. डॅशबोर्डवर कुलपाचं चित्र.
महेंद्रला फोन केला (सहज). हसला. "काका, त्यो डबा ज्या गाडीतनं काढलाय तिचीच चावी वळखतो. लॅपटॉप लावून प्रोग्रॅमिंग कराय लागतं." धंदेवाईक माणूस, घाबरवणारच. नवीन जवानसुद्धा पलटणीत रुळायला वेळ घेतो. बॅटरी जोडून ठेवली आहे. सकाळपर्यंत रुळेल.

१४ मे
रुळला नाही.

१५ मे
बनुबाई विहिरीच्या पायरीवरून घसरल्या. हात मोडला.

१५ मे, संध्याकाळ
पायऱ्यांना शेवाळ होतं म्हणे. शेवाळ काढायची जबाबदारी माझी नाही.
जेवण गेलं नाही. टँकरच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. चावी फिरवली. परत फिरवली. देवाचं नाव घेऊन फिरवली, मग आईवरून शिवी घालून फिरवली. कुलूप. स्टिअरिंगवर डोकं टेकून किती वेळ बसलो माहीत नाही. राजेश्वरी खाली येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुमचं मशीन कवा बरं व्हायचं ते होऊंद्या. मानसं तवर काय पित्याली?" मी परत चावी फिरवली.

१६ मे
राजेश्वरीनं विट्याहून भावाची, वीरधवलची, पाण्याची टाकी मागवून आमच्या ट्रॅक्टरला जोडली. स्वतः चालवत गेली. शेतात ट्रॅक्टर चालवणं वेगळं, टाकी घेऊन चढ चढणं वेगळं. मी क्लचबद्दल सूचना देत फाट्यापर्यंत मागून चालत गेलो. तिनं वळून बघितलं नाही. बहुतेक आवाजात ऐकू आलं नसेल.
पाणी पोचलं म्हणे. तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे.

१८ मे, सातारा
माघार नाही, डावपेच. टँकर टो करून साताऱ्याच्या वर्कशॉपला आणला. सांगली जवळ पडली असती, पण तिथं मला सगळे ओळखतात. सबंध वाट मी केबिनमध्ये ताठ बसून. दोन ठिकाणी, पुढच्या गाडीची साखळी दिसत नसेल असं वाटलं तिथं, लोकांना हातही केला.

२० मे, सातारा
इथं पायल नावाची पोरगी इंजिनिअर आहे. वाटलं, रिसेप्शनची असेल. तिच्याकडे चहा मागितला. तिनं मागवला, आणि लॅपटॉप घेऊन टँकरखाली गेली. माझा जुना ईसीएम लावला. त्याला बॅटरीचा करंट येतोय, अर्थिंग ठीक, वायरिंग ठीक. पण सेन्सरना जाणारा करंट शून्य. ईसीएम आतून जळलाय. मी म्हटलं, हे माझं पहिल्यापासून मत होतं.
नवीन बसवला. चॅसिस नंबर, चाव्या, इंजेक्टरचे कोड, सगळं भरलं. मग विचारलं, "काका, बॅटरी न काढता कुणी वेल्डिंग केलं होतं का? त्याचा झटका सरळ ईसीएमला बसतो."
मी म्हटलं, असला अडाणी माणूस आमच्याकडे नाही. ती मागच्या शिडीकडे बघत होती. मी चहा संपवला.
चावी फिरवली. पहिल्या फटक्यात चालू! डोळ्यात पाणी आलं. धूर होता.

२१ मे
ठराव : पाणी एक दिवसही चुकवायचं नाही. बनुबाईंना पहिली घागर स्वतः भरून द्यायची. राजेश्वरीला विश्रांती. ट्रॅक्टरची टाकी वीरधवलला परत.

२२ मे
टँकर तुडुंब भरला. धुतला, हार घातला. चढ असा चढला की लोणी. वस्ती दिसल्यापासून हॉर्न चालू ठेवला.
कुणी आलं नाही. कुत्रंसुद्धा पडूनच.
वस्तीची टाकी काठोकाठ. घरोघरी पिंपं भरलेली. राजेश्वरी पहाटेच खेपा टाकून गेली होती. बिराप्पा मेंढरं पाजून बसलेला. म्हणाला, "गड्या, रागावू नगंस. आता वैनीचाच ट्रॅक्टर ठरवलाय आमी. येळेवर येतो."
मी पाइप हातात घेऊन उभा. भरलेला टँकर परत कसा न्यायचा? आटपाडीत लोक विचारतील. बनुबाई लिंबाखाली बसलेल्या, हात गळ्यात बांधलेला. त्यांना विचारलं, पाणी कुठं सोडू? त्यांनी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आनलंयसा तर ह्या लिंबाला घाला. उरलं तर त्या पलीकडच्या बाभळीला."
लिंबाला घातलं. बाभळीलाही घातलं.
इंजिन एकदाही बंद पडलं नाही.